युद्धावर गेलेलं हेलिकॉप्टर युनिट आणि त्याचा सीओ: नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वायुसेना नगरात एअर शो झाला, की पुढचे काही आठवडे हे प्रश्न हमखास येतात. कॉलेजातल्या व्याख्यानानंतर मुलं विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका विचारतात, आणि ज्यांची मुलगी किंवा जावई सैन्यात आहे ते जरा बाजूला घेऊन विचारतात. मी उडवणाऱ्यांपैकी नव्हे. वायुसेनेच्या तांत्रिक शाखेतून निवृत्त होऊन इथे स्थायिक झालेला माणूस. त्यामुळे सीओ, म्हणजे युनिटचे प्रमुख, मी कॉकपिटातून पाहिले नाहीत, हँगरच्या दारातून पाहिले. उत्तरांचा कल त्या बाजूला झुकलेला वाटला तर कारण हेच.

हेलिकॉप्टर युनिट म्हणजे स्क्वाड्रनच ना?

कामाच्या दृष्टीने तसंच. वायुसेनेत त्याला ‘हेलिकॉप्टर युनिट’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘एचयू’. वर कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ. हुद्दा विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टन. त्याच्या हाताखाली उड्डाणाचं रोजचं काम पाहणारा फ्लाइट कमांडर, आणि यंत्रांची जबाबदारी असलेला सीनियर इंजिनिअरिंग ऑफिसर. एमआय-१७ सारख्या हेलिकॉप्टरमध्ये दोन वैमानिकांबरोबर फ्लाइट इंजिनिअर आणि फ्लाइट गनरही असतात. बातमीत वैमानिकांचीच नावं आधी येतात, पण यंत्र पडलं तर सगळेच पडतात.

नागपुरात लढाऊ विमानं नाहीत. मग आपल्या गावाचा युद्धाशी संबंध काय?

फुटाळ्याच्या वर वायुसेना नगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. देशभरातले वायुसेनेचे दुरुस्ती डेपो आणि भांडार डेपो याच कमांडखाली येतात. एमआय-१७ ची मोठी दुरुस्ती चंदीगडच्या ३ बेस रिपेअर डेपोत होते, पण त्या डेपोचा वरिष्ठ बसतो नागपुरात. लडाखमधल्या सीओला गिअरबॉक्स आज हवा असतो, चार दिवसांनी नको. तो वेळेवर पोचला तर कोणाच्या लक्षात येत नाही. नाही पोचला, तर रात्री फोन नागपूरचाच वाजतो.

हलण्याचा आदेश आला की सीओ पहिल्यांदा काय करतो?

भाषण करत नाही. मोजतो.

प्रत्येक हेलिकॉप्टरला ठरावीक तास उडल्यावर तपासणीसाठी थांबावं लागतं. हुशार सीओ शांततेच्या काळातच सगळ्या यंत्रांचे तास पायरीपायरीने लावून ठेवतो, म्हणजे चार हेलिकॉप्टरं एकाच आठवड्यात तपासणीला बसत नाहीत. आम्ही याला ‘स्टॅगर’ म्हणतो. आदेश आला, की हाच तक्ता आधी उघडला जातो. स्टॅगर बिघडलेला असेल तर युनिट कागदावर पूर्ण आणि मैदानात अर्धं. पहिल्या दिवशी सगळी उडतात, दहाव्या दिवशी रांगेने उभी राहतात.

मग माणसं. कोणाला रात्री उडण्याची मुभा आहे, कोण डोंगरात नवखा आहे, कोण रजेवर आहे, कोणाच्या घरी बाळंतपण आलंय. खराब हवामानात उडण्याच्या पात्रतेनुसार वैमानिकांना व्हाइट, ग्रीन, मास्टर ग्रीन अशी मानांकनं असतात. कोण कोणाबरोबर बसणार, हे सीओ आणि फ्लाइट कमांडर दार लावून ठरवतात. दोन नवखे एका कॉकपिटात नकोत, हे सांगायची गरज नाही. दोन अतिआत्मविश्वासू एकत्र नकोत, हे मात्र दरवेळी सांगावं लागतं.

तिसरं, पेट्या. मूळ तळ सोडून काही दिवस स्वतःच्या बळावर चालायला लागणारं सामान ‘फ्लाय-अवे किट’ म्हणून आधीच बांधलेलं असतं. युनिटचा खरा कस या किटच्या यादीत दिसतो. लेहसारख्या ३,५०० मीटरच्या ठिकाणी चाललात, तर आणखी एक हिशेब असतो: खालून आलेल्या माणसाला पातळ हवेची सवय व्हायला पहिल्या टप्प्यात सहा दिवस द्यावे लागतात. घाईत आणलेला तंत्रज्ञ पहिल्याच रात्री डोकं धरून बसला, तर पाना कोण फिरवणार? म्हणून शहाणा सीओ तंत्रज्ञांची आगाऊ तुकडी सगळ्यांच्या आधी धाडतो.

एमआय-१७ चार टन उचलतं म्हणतात. मग डोंगरावर जवान थोडे थोडे का नेतात?

चार टन हा आकडा खरा आहे, पण तो सगळीकडे खरा नाही. हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचं अर्धं उत्तर नागपूरच्या मे महिन्यात आहे.

रोटर हवेला खाली ढकलतो म्हणून हेलिकॉप्टर वर राहतं. हवा विरळ झाली की तेवढ्याच फिरण्यात कमी बळ मिळतं, आणि इंजिनाचाही दम कमी पडतो. उंची वाढली की हवा विरळ होते, तशीच ती तापली तरी होते. सोनेगावचं विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. पारा ४५ अंशांवर गेला, की प्रमाण हवामानाच्या हिशेबाने तिथली हवा १,४०० ते १,५०० मीटर उंचीवर असावी तितकी विरळ झालेली असते. म्हणजे यंत्र जागेवरून हललेलं नाही आणि हवेने त्याला किलोमीटरभर वर नेऊन ठेवलं. आता हाच हिशेब कारगिलच्या साडेचार हजार मीटरच्या धारेवर करा. सियाचेनच्या सर्वांत उंच चौक्यांवर जाणारं चीता हेलिकॉप्टर एका खेपेत मोजके किलो सामान नेतं. रॉकेलचा एखादा डबा आणि टपाल, एवढ्यावर खेप संपते.

१३ एप्रिल १९८४ ला सियाचेन ताब्यात घेण्यासाठी ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, तेव्हा कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी बिलाफोंड ला खिंडीत चीता हेलिकॉप्टरांनीच उतरवली होती, एकेका खेपेत मोजकीच माणसं. दुसरा मार्ग नव्हता.

सीओची परीक्षा इथेच होते. पायदळाचा ब्रिगेडियर हुद्द्याने मोठा, त्याची माणसं वर अडकलेली, आणि तो म्हणतो, ‘अजून दोन पेट्या टाका, काही होत नाही.’ त्याचं चुकत नाही. त्याला दारूगोळा हवाय. पण वजनाचा तक्ता कोणाच्या हुद्द्याला ओळखत नाही. ‘सर, दोन पेट्या दुसऱ्या खेपेत आणतो’ असं शांतपणे म्हणता येणं, आणि ती दुसरी खेप खरोखर करून दाखवणं. माझ्या मते नेतृत्वाचा मोठा भाग एवढाच आहे. जो सीओ नुसताच नाही म्हणतो, त्याला पुढच्या वेळी कोणी विचारत नाही. जो कधीच नाही म्हणत नाही, तो एक दिवस यंत्र गमावतो.

नियम मोडून जास्त वजन कधीच नेत नाहीत का?

नेतात. बांगलादेश युद्धात, डिसेंबर १९७१ मध्ये मेघना नदीवर नेलं.

आशुगंजचा पूल पाकिस्तानी फौजेने उडवला होता आणि लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांना नदी ओलांडून ढाक्याकडे जायचं होतं. ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांनी ब्राह्मणबाडियाच्या बाजूने सैन्य उचलून पलीकडे रायपुऱ्याकडे आणि पुढे नरसिंगदीकडे उतरवायला सुरुवात केली. रात्रीसुद्धा खेपा चालू, उतरण्याची जागा टॉर्चने दाखवलेली. एमआय-४ म्हणजे जुनं पिस्टन इंजिनाचं यंत्र. त्यात ठरल्यापेक्षा जास्त जवान बसवले गेले.

मग तो बेदरकारपणा नव्हता का? नव्हता, आणि कारणं मोजून सांगता येतात. डिसेंबरची थंड हवा, जवळपास समुद्रसपाटी, अंतर थोडं, म्हणून टाकीत इंधन कमी ठेवता आलं. जास्तीच्या माणसांची जागा आधी हिशेबात तयार झाली होती. त्याआधी ७ डिसेंबरला सिल्हेटला गुरखा पलटण हेलिकॉप्टरनेच उतरवली होती, त्यामुळे वैमानिकांना आणि पायदळाला एकमेकांची रीत कळली होती. हवाई बाजूची सूत्रं ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्याकडे होती. ते जोरहाट तळाचे प्रमुख. पण खोलीत बसून राहिले नाहीत, स्वतः शत्रूच्या भागावरून उडत काम पाहत राहिले. त्यांना महावीर चक्र मिळालं.

म्हणजे सीओने सगळ्यात पुढच्या हेलिकॉप्टरमध्येच असायला हवं?

पंगतीत या प्रश्नावर हमखास भांडण होतं. जुने लोक म्हणतात, हवंच. माझं मत जरा वेगळं आहे. पहिल्या दिवशी, नव्या भागात, सीओने पुढे जावं. तिथलं वारं कसं आहे, तारा कुठे आहेत, गोळीबार कुठून येतो, हे त्याला स्वतःला माहीत नसेल तर तो इतरांना कोणत्या तोंडाने पाठवणार? पण रोज तोच पुढे गेला, तर खाली निर्णय कोण घेणार? बारा तास उडून आलेला माणूस रात्री दुसऱ्या दिवसाचा तक्ता बनवायला बसला की चुका होतातच. मी पाहिलेल्यांपैकी ज्यांना माणसं मनापासून मानत, ते धोक्याच्या खेपा स्वतःकडे ठेवत आणि सोप्या, नाव मिळवून देणाऱ्या खेपा पोरांना देत. उलटं करणारेही असतात. त्यांची कीर्ती क्रू रूममध्ये दोन दिवसांत पोचते.

योजना फसली तर दोष सीओचा?

कधी त्याचा, कधी त्याच्यापर्यंत न पोचलेल्या माहितीचा.

आपली शांतिसेना श्रीलंकेत असताना, ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर चार एमआय-८ हेलिकॉप्टरांनी सैनिक उतरवायला सुरुवात केली. ‘१० पॅरा कमांडो’ आणि ‘१३ शीख लाइट इन्फंट्री’ या पलटणींचे जवान, लक्ष्य एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेचं नेतृत्व. शत्रू वाट बघत बसला होता. हेलिकॉप्टरांवर इतका मारा झाला की पुढच्या खेपा थांबवाव्या लागल्या. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरले होते. त्यातले २९ गेले, एक कैद झाला. कमांडो तग धरून राहिले आणि नंतर रणगाडे आत घुसवून त्यांना बाहेर काढलं.

वैमानिकांनी त्या माऱ्यातही पुन्हा जाऊन खेपा केल्या होत्या, हिमतीची कमी नव्हती. पण हेलिकॉप्टरने सैन्य उतरवण्यात एक क्रूर गणित आहे: पहिली तुकडी एकदा जमिनीवर आली, की दुसरी आणणं ही उपकाराची बाब राहत नाही, ते कर्ज असतं. म्हणून योजना ऐकताना सीओने ‘पहिली खेप जमेल का’ असं विचारून थांबू नये. तिसऱ्या खेपेच्या वेळी माझी किती यंत्रं उडण्याजोगी असतील, आणि नसतील तर खालच्या माणसांचं काय, हे विचारावं. ब्रीफिंगमध्ये हा प्रश्न अपशकुनी वाटतो. तरी विचारावा.

कारगिलमध्ये काय झालं होतं?

२६ मे १९९९ ला ऑपरेशन सफेद सागर, म्हणजे कारगिलमधली वायुसेनेची मोहीम, सुरू झालं. २८ मे रोजी तोलोलिंगच्या डोंगरावर रॉकेटं डागायला गेलेल्या एमआय-१७ पैकी १५२ हेलिकॉप्टर युनिटचं एक, खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट राज किशोर साहू, चौघेही गेले. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर त्या हेलिकॉप्टरवर नव्हते.

त्यानंतर एमआय-१७ ना हल्ल्याच्या कामातून मागे घेतलं. जखमींना आणणं, सामान पोचवणं मात्र एक दिवस थांबलं नाही. मला सीओ नावाचा माणूस समजून घ्यायचा असेल, तर मी २८ मेचा विचार करत नाही, २९ ची सकाळ डोळ्यांपुढे आणतो. क्रू रूममध्ये चार जागा रिकाम्या आणि हवामानाचं ब्रीफिंग नेहमीच्या वेळेला. तंत्रज्ञांना एकच शंका खात असते: आपल्या हातून काही राहिलं का? त्यांच्याशी त्याच सकाळी, हँगरमध्ये जाऊन बोलावं लागतं. आठवड्याने बोलून उपयोग नाही.

आपल्याच लोकांनी आपलं हेलिकॉप्टर पाडलं, असं कसं होऊ शकतं?

२७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमधल्या बडगामजवळ झालं. आपल्याच जमिनीवरच्या क्षेपणास्त्राने एमआय-१७ व्ही-५ पाडलं. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यात होते. वायुसेनाप्रमुखांनी पुढे ती मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

आकाशात लढाई चालू असताना रडारवरच्या ठिपक्यावर नाव लिहिलेलं नसतं. आपला-परका ओळखणारं उपकरण चालू आहे का, आजचे संकेत भरले आहेत का, आणि तळावरच्या क्षेपणास्त्रवाल्यांना आपल्या येण्या-जाण्याची वेळ माहीत आहे का, या तीन गोष्टी उड्डाणाआधी तपासायच्या असतात. कंटाळवाणं काम आहे. सीओ ते कोणा ज्युनिअरवर सोडून देतो की स्वतः विचारतो, यावरून मी त्याला जोखतो.

वाळवंटात त्रास कमी असेल ना? सपाट जमीन, उंची नाही.

वैमानिकाला विचारा. उतरताना रोटरच्या वाऱ्याने वाळू उठते आणि शेवटच्या काही मीटरांत जमीनच दिसेनाशी होते. आम्हाला विचाराल तर वाळू पात्यांची धार खाते आणि इंजिनात शिरते. गाळणी असूनही शिरते. संध्याकाळी इंजिन धुवायला पाणी हवं, आणि वाळवंटात नेमकं तेच मोजून मिळतं.

सीओ आणि इंजिनिअरिंग ऑफिसर यांचं पटतं का?

पटलं नाही तरी चालतं, पण खोटं बोललेलं चालत नाही. प्रत्येक हेलिकॉप्टरचा फॉर्म ७०० असतो, त्यात यंत्राची अवस्था लिहायची आणि वैमानिकाने सही करून यंत्र ताब्यात घ्यायचं. युद्धात दबाव येतो: ‘बारीक गळती आहे ना, चालवून घ्या.’ काही गळत्या चालवून घेण्याजोग्या असतातही. कोणती, हे ठरवायचा हक्क इंजिनिअरचा. आणि त्याने ‘यूएस’, म्हणजे उडण्याजोगं नाही, म्हटल्यावर चारचौघांत त्याचा पाणउतारा न करण्याची जबाबदारी सीओची. एकदा का तंत्रज्ञांना कळलं की खरं बोललं तर ओरडा बसतो, की फॉर्म ७०० स्वच्छ दिसायला लागतो. त्या स्वच्छतेची मला फार भीती वाटते.

झोपायला मिळतं का?

वैमानिकांना मिळालीच पाहिजे, सक्तीने. तंत्रज्ञांच्या झोपेचा हिशेब मात्र पुष्कळ ठिकाणी कोणी ठेवत नाही. दिवसा यंत्रं उडतात, म्हणून दुरुस्ती रात्री. चांगला सीओ हँगरचीही पाळी लावतो आणि रात्री दोन वाजता चहा पाठवतो. स्वतः घेऊन आला, तर ती गोष्ट दहा वर्षं सांगितली जाते.

घरच्यांना काय सांगतात? आमची लेक तिकडे आहे, फोनच लागत नाही.

ताई, फोन न लागणं हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण असतं. कुठे आहोत, किती आहोत हे कळू नये म्हणून मोबाइलवर बंधनं येतात. पत्र ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ अशा सैनिकी टपालघराच्या पत्त्यावर जातं, त्यावरून ठिकाण कळत नाही, आणि ते मुद्दामच तसं आहे. युनिट बाहेर पडलं तरी मूळ तळावर काही माणसं मागे राहतात. दवाखाना, शाळा, गॅस सिलिंडर अशा अडचणींसाठी त्यांना बेधडक फोन करा. काही वाईट घडलंच, तर घरी माणूस येतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीवर विश्वास ठेवू नका आणि ती पुढे पाठवू तर अजिबात नका. त्या यादीतलं एखादं घर तुमच्याच गल्लीत असू शकतं.

महिला सीओ होऊ शकते?

हो. ग्रुप कॅप्टन शालिजा धामी या मूळच्या हेलिकॉप्टर वैमानिक; २०१९ मध्ये हेलिकॉप्टर युनिटच्या फ्लाइट कमांडर झाल्या आणि २०२३ मध्ये पश्चिम सीमेवरच्या लढाऊ युनिटचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. कारगिलमध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता उडवलं होतं. २०२२ मध्ये आपल्या नाशिकच्या आर्मी एव्हिएशन स्कूलमधून कॅप्टन अभिलाषा बराक वैमानिक होऊन बाहेर पडल्या.

आता ड्रोन आले. हेलिकॉप्टरचे दिवस संपले का?

घुटमळणारी स्फोटक ड्रोनं आता नागपुरातच बनतात, त्यामुळे हा प्रश्न इथे जास्तच येतो. टेहळणी आणि काही प्रमाणात हल्ला, ही कामं ड्रोनकडे जाणार, जाऊ द्यावीत. युक्रेनमध्ये २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने कीवजवळच्या होस्तोमेलच्या विमानतळावर हेलिकॉप्टरने सैन्य उतरवलं, काही यंत्रं गमावली, आणि मागून मोठी कुमक वेळेत आली नाही. जाफन्याचंच गणित. पण त्याच वर्षी वेढ्यात सापडलेल्या मारिउपोलमध्ये युक्रेनच्या एमआय-८ नी अगदी जमिनीलगत उडत सामान नेलं आणि जखमी आणले. काही हेलिकॉप्टरं परतली नाहीत. जखमी माणसाला उचलून आणायचं काम आज तरी ड्रोनच्या आवाक्यात नाही. सीओचं काम मात्र अवघड झालंय: तळ मागे ठेवावा लागतो, एका जागी फार वेळ थांबता येत नाही, आणि इंधन कित्येकदा रोटर चालू ठेवूनच भरावं लागतं.

मुलाला हेलिकॉप्टर पायलट व्हायचंय. कुठून सुरुवात करू?

बारावीत गणित आणि फिजिक्स हवंच. मग एनडीएची प्रवेश परीक्षा, किंवा पदवीनंतर सीडीएस नाहीतर एएफकॅट या परीक्षा. एनडीए आता मुलींनाही खुलं आहे. राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला आहे, तिची प्रवेश परीक्षा दहावीच्या वर्षी असते, ती चुकवू नका. निवड मंडळात उड्डाणासाठी संगणकीय चाचणी होते. नापास झालात तर उड्डाण शाखेचं दार बंद, बाकीच्या शाखा उघड्या. हेलिकॉप्टरचं शिक्षण पुढे हकीमपेटला होतं. आणि क्लासची फी भरण्याआधी मुलाचे डोळे चांगल्या डॉक्टरकडून तपासून घ्या, रंगांधळेपणासकट.